आठवीतला अल्जेब्रा हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर येतो का? अमेरिकेतल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी मराठी शाळेत मुलं आत बाराखडी म्हणत असतात आणि आम्ही पालक बाहेर थर्मासमधला चहा घेत उभे असतो. जानेवारी-फेब्रुवारीत, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म घरी आला, की तिथे एकच चर्चा रंगते: मिडल स्कूलमध्ये (साधारण सहावी ते आठवी) घेतलेला हायस्कूलचा (नववी ते बारावी) विषय पुढे धरला जातो का, आणि धरला तर फायदा की तोटा? आमच्या घरी या बाबतीत ठेच लागलेली असल्यामुळे हे प्रश्न बरेचदा माझ्याकडे येतात. तीच उत्तरं इथे लिहून ठेवतेय.

मिडल स्कूलमध्ये हायस्कूलचा विषय येतोच कसा? आपल्याकडे तर आठवीत आठवीचंच गणित असतं.

इथे गणित इयत्तेला बांधलेलं नाही. अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी पायऱ्यांची रांग आहे आणि मूल ज्या पायरीवर असेल तिथून पुढे जातं. साधारणपणे अल्जेब्रा १ नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षी येतो. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर तो आठवीत उरकावा लागतो. काही मुलं तर सातवीतच घेतात. भाषांचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी स्पॅनिश १ सातवी आणि आठवी अशी दोन वर्षं मिळून शिकवतात, आणि दोन्ही वर्षांचा मिळून हायस्कूलचा एक विषय धरतात.

पूर्ण केलेला विषय मोजायचं माप म्हणजे क्रेडिट. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, कार्नेगी युनिटमधून आलेली. एका विषयाचे वर्गातले साधारण १२० तास म्हणजे एक युनिट. हिशेब तासांचा आहे, मुलाच्या वयाचा नाही. म्हणूनच बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या नावावरही हायस्कूलचं क्रेडिट लागू शकतं.

आठवीत अल्जेब्रा असावा की नाही यावर इथे मोठे वाद झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये तो आठवीतून काढला होता. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने तो परत आणा असं सांगितलं. इथल्या शाळांमध्ये हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे ते यावरून कळतं.

मग तो विषय हायस्कूलमध्ये मोजतात की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, आणि सगळी गल्लत इथेच होते. 'मोजतात का' या एका प्रश्नात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात.

पहिला, पुढची पायरी मिळते का? आठवीत अल्जेब्रा १ नीट पार पडला की नववीत जॉमेट्री, हे जवळपास सगळीकडे होतं. दुसरा, हायस्कूलच्या पदवीसाठी (डिप्लोमासाठी) लागणाऱ्या एकूण क्रेडिटमध्ये ते धरतात का? तिसरा, विषय आणि त्याची ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, छापली जाते का? चौथा, ती ग्रेड जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, जाते का?

या चारांची उत्तरं एकाच शाळेत चार तऱ्हेची असू शकतात. क्रेडिट मिळतं पण जीपीएत जात नाही, असं होतं. ग्रेड कागदावर दिसते पण क्रेडिट नाही, असंही होतं. शाळेतल्या काउन्सेलर (विषय निवडताना सल्ला देणाऱ्या) फोनवर "येस, इट काउंट्स" म्हणतात तेव्हा त्या बहुधा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असतात आणि आपण ऐकत असतो चौथ्याचं. म्हणून चारही प्रश्न सुटे सुटे विचारा.

राज्यागणिक एवढा फरक असतो?

असतो. न्यू जर्सीतल्या मावशीचा सल्ला सिएटलमधल्या भाचीला लागू पडेलच असं नाही.

वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या आपल्या मंडळींच्या मुलांना, हायस्कूलच्या तोडीचा विषय आधी पूर्ण केला तर क्रेडिट आपोआप मिळतं. नको असेल तर आपण सांगायचं. आकड्याची ग्रेड न दाखवता नुसतं 'पास' किंवा 'क्रेडिट' लिहून घ्यायची सोयही तिथे आहे, म्हणजे क्रेडिट राहतं आणि जीपीएला धक्का लागत नाही. हे ठरवायला अकरावी संपेपर्यंत मुदत असते. माझ्या मते पालकांसाठी हा सगळ्यात समजूतदार नियम आहे, कारण तोवर मुलाचं एकूण चित्र समोर आलेलं असतं.

व्हर्जिनियात (फेअरफॅक्स, लाउडन इथे आपली वस्ती दाट आहे) मिडल स्कूलमधल्या हायस्कूल विषयाची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवरून काढून टाका असा अर्ज पालक करू शकतात. पण ग्रेड गेली की क्रेडिटही गेलं. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही. अर्जाची मुदत स्थानिक शाळाव्यवस्था ठरवते. तिथला अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा २६ क्रेडिटचा आहे आणि त्यात गणिताची ४ लागतात, तेव्हा काढून टाकण्याआधी उरलेल्या वर्षांत बेरीज जुळते का ते कागदावर मांडून बघा.

नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी-मॉरिसव्हिलच्या बाजूला, मिडल स्कूलमधल्या अशा विषयाचं क्रेडिट पदवीसाठी धरतात, पण जीपीए फक्त हायस्कूलच्या वर्षांमधल्या विषयांवर काढतात. त्यामुळे तिथे बी मिळाला तरी जीपीए जिथल्या तिथे राहतो. तसाच ए मिळाल्याने तो वरही जात नाही.

फ्लोरिडात ग्रेड बदलून घ्यायची वाट मिडल स्कूलच्या मुलांसाठी जरा जास्त मोकळी आहे. सहावी ते आठवीत हायस्कूलचा विषय घेऊन सी, डी किंवा एफ मिळाला, तर तोच किंवा त्याच तोडीचा विषय पुन्हा करून सी किंवा त्याहून चांगली ग्रेड मिळवता येते आणि जुनीच्या जागी ती धरली जाते. हायस्कूलमधल्या मुलांना ही सवलत फक्त डी आणि एफसाठी आहे, सीसाठी नाही. बी मात्र कोणालाच बदलता येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये आठवीत अल्जेब्रा घेणारी मुलं वर्षाअखेरीस रीजंट्स ही राज्याची परीक्षा देतात, आणि मिडल स्कूलमध्ये भाषेची चेकपॉइंट ए, म्हणजे पहिली पातळी पार केली की भाषेचं पहिलं क्रेडिट पदरात पडतं.

टेक्सासात क्रेडिट मिळतं, आणि अल्जेब्रा १ ची राज्याची स्टार परीक्षाही त्याच वर्षी द्यावी लागते, मूल आठवीत असलं तरी. जीपीए आणि रँकमध्ये (वर्गातल्या क्रमांकात) काय धरायचं ते मात्र प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक शाळाव्यवस्था, आपलं आपण ठरवतं. आणि टेक्सासात रँकला फार वजन आहे. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्ये वर्गातल्या वरच्या मुलांना थेट प्रवेश मिळतो. तिथली रेषा आधी ६ टक्क्यांवर होती, २०२६ च्या शरदातल्या प्रवेशांपासून ती ५ टक्क्यांवर आली. तिथल्या पालकांनी डिस्ट्रिक्टचं रँकविषयीचं धोरण सहावीतच वाचून ठेवावं.

कॅलिफोर्नियाबद्दल कॉलेजच्या प्रश्नात लिहिते, कारण तिथे खरा नियम युनिव्हर्सिटीचा आहे.

आठवीत बी आला. जीपीए किती घसरेल?

तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये तो धरत असतील असं समजून हिशेब करू. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, वर्षाला ७ विषय, बाकी सगळे ए.

नववीच्या अखेरीस ७ विषयांचे २८ आणि आठवीच्या बीचे ३, म्हणजे ८ विषयांत ३१. जीपीए ३.८८. हा आकडा बघून घरात सुतकी वातावरण होतं, मी पाहिलंय. पण कॉलेजचा अर्ज जातो अकरावीपर्यंतच्या आकड्यावर. तेव्हा २२ विषयांत ८७, म्हणजे ३.९५. बीऐवजी सी असता तर ३.९१. म्हणजे नववीत मोठा दिसणारा खड्डा अकरावीपर्यंत बराचसा बुजतो. अर्थात जिथे रँक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशावर ठरते तिथे तेवढ्यानेही फरक पडतो.

ए मिळाला तर काळजीच नको ना?

हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. बऱ्याच हायस्कूलमध्ये दोन जीपीए असतात, साधा आणि वेटेड. वेटेडमध्ये ऑनर्स (जास्त अवघड) आणि एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांना जादा गुण मिळतात, एपीतला ए साधारणपणे ५ धरतात. मिडल स्कूलमधला अल्जेब्रा १ किंवा स्पॅनिश १ बहुतेक वेळा साधा विषय म्हणून नोंदला जातो, म्हणजे त्यातला उत्तमातला उत्तम ए सुद्धा ४ चाच.

समजा एखाद्या मुलीचा अकरावीपर्यंतच्या २१ विषयांत वेटेड जीपीए ४.६ आहे. त्यात मिडल स्कूलमधले दोन ए मिसळले की २३ विषयांत तो ४.५५ होतो. पोरीने दोन्हींत ए मिळवला, आणि त्याच ए-मुळे आकडा खाली आला! वर्गातल्या दुसऱ्या मुलीने ते विषय घेतलेच नसतील तर ती रँकमध्ये पुढे निघून जाते. मला हे अन्यायाचं वाटतं. मेहनत जास्त कुणी केली ते उघड आहे. म्हणून डिस्ट्रिक्टला विचारताना आणखी एक प्रश्न जोडा: हा विषय साध्या जीपीएत जातो, वेटेडमध्ये जातो, की दोन्हींत?

काढून टाकायची सोय असेल तर काढून टाकावा का?

आमच्या घरचं सांगते. मुलीने सातवीत अल्जेब्रा १ घेतला होता. त्या हिवाळ्यात आजी आजारी म्हणून आम्ही तीन आठवडे साताऱ्याला होतो. दोन युनिट टेस्ट बुडाल्या, त्या परत आल्यावर कशाबशा दिल्या, आणि वर्षाअखेरीस बी आला. आम्ही विसरूनही गेलो. नववीचा पहिला ट्रान्सक्रिप्ट आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट फोडलं. पानाच्या सगळ्यात वर, नववीच्याही आधी, एक छोटा चौकोन होता. त्यात इयत्ता ०७, पुढे अल्जेब्रा १, बी, १.००. मुलगी बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसली होती. काढायचा अर्ज करायची मुदत आदल्या उन्हाळ्यात संपली होती, आणि तशी सोय आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेने ते कळवायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तरीही, आज मुदत हातात असती तर मी तो बी काढला असता का? बहुधा नाही. ती पुढे जॉमेट्रीत आणि अल्जेब्रा २ मध्ये चांगली चालली, आणि सातवीत अल्जेब्रा घेतल्याचं त्या ओळीवरून दिसतं. बीसाठी क्रेडिट सोडायला माझं मन तयार होत नाही. सी असेल, किंवा मुलाला पायाच कच्चा वाटत असेल, तर मात्र काढून टाकून विषय पुन्हा नीट शिकणं चांगलं. कारण अल्जेब्रा कच्चा राहिला तर कॅल्क्युलसपर्यंत दर वर्षी त्रास होतो. आणि निर्णय मुलाला विचारूनच घ्या. ट्रान्सक्रिप्टवर नाव त्याचं असतं.

कॉलेजं आठवीची ग्रेड बघतात का?

कॅलिफोर्नियाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी ए-जी नावाच्या १५ वर्षभराच्या विषयांची यादी मागते. सातवी-आठवीत केलेलं हायस्कूलच्या तोडीचं गणित आणि इंग्रजीखेरीजची भाषा या यादीत धरली जाते. पण युनिव्हर्सिटी स्वतःचा जो जीपीए काढते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेडवर. त्यात आठवी नाही, नववीसुद्धा नाही. म्हणजे आठवीतला अल्जेब्रा अट पूर्ण करायला उपयोगी पडतो, आणि त्यातल्या बीने तिथला जीपीए बिघडत नाही.

इतर अनेक कॉलेजंही शाळेने दिलेला जीपीए जसाच्या तसा न घेता नववीपासूनच्या मुख्य विषयांवर आपला हिशेब करतात. त्यांना जास्त रस असतो तो मूल कोणत्या पातळीपर्यंत पोहोचलं यात. शिष्यवृत्त्यांचं मात्र वेगळं असतं. कित्येक शिष्यवृत्त्या शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरचाच आकडा घेतात, तेव्हा त्यांच्या अटी स्वतंत्रपणे वाचाव्या लागतात.

अल्जेब्रा आठवीत झाला, म्हणजे हायस्कूलमध्ये गणिताचं एक वर्ष सुटलं?

क्रेडिटच्या हिशेबाने काही ठिकाणी सुटतं. सोडू नका. चांगल्या कॉलेजांना हायस्कूलच्या चारही वर्षी गणित दिसायला हवं असतं, आणि वर्षभर गणित हातात नसेल तर बारावीत गंज चढतो.

मराठी शाळेचं क्रेडिट मिळतं का?

माझ्या सगळ्यात जवळचा प्रश्न. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात, आणि काही स्कूल डिस्ट्रिक्टनी मराठीला परकीय भाषेचं क्रेडिट मान्य केलं आहे. ते आपोआप झालेलं नाही. तिथल्या पालकांनी आणि शिक्षिकांनी अभ्यासक्रम, तासांची नोंद, परीक्षांचे नमुने असं सगळं घेऊन डिस्ट्रिक्टच्या पायऱ्या झिजवल्या. तुमच्याकडे मान्यता असेल तर मिडल स्कूलपासूनच हजेरीची आणि तासांची नोंद जपून ठेवा, कारण क्रेडिट शेवटी तासांवर आणि पातळीवर ठरतं.

मान्यता नसेल तर सील ऑफ बायलिटरसीची चौकशी करा. दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांच्या डिप्लोमावर हा शिक्का येतो. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये त्याचा कायदा केला आणि नंतर तो देशभर पसरला. कोणती मराठी परीक्षा चालेल ते राज्य किंवा डिस्ट्रिक्ट ठरवतं. मराठीची एपी परीक्षा नाही (हिंदीचीही नाही), तेव्हा तो रस्ता बंद आहे. पण आजीशी फोनवर घडाघडा बोलणाऱ्या पोराला लिहायलाही यावं म्हणून दर रविवारी दोन तास जातात, त्याची कागदावर एक ओळ तरी उमटावी असं मला मनापासून वाटतं.

नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर?

नवी शाळा जुना ट्रान्सक्रिप्ट मागवते आणि आपल्या नियमांनी बसवते. आठवीनंतर लगेच हललात तर सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण मिडल स्कूलकडे हायस्कूलचा ट्रान्सक्रिप्ट नसतो, नुसतं रिपोर्ट कार्ड असतं आणि त्यावर हा हायस्कूलचा विषय होता असं अनेकदा लिहिलेलं नसतं. निघण्याआधी शाळेच्या लेटरहेडवर विषयाचं पूर्ण नाव, वर्षभराचा की सहा महिन्यांचा, ग्रेड आणि 'हायस्कूल क्रेडिटचा विषय' अशी नोंद असलेलं पत्र घ्या. राज्याची परीक्षा दिली असेल तर तिचा निकालही. हे पत्र सामानाच्या खोक्यात टाकू नका, पासपोर्टच्या पिशवीत ठेवा.

आम्ही पुण्याहून आठवी संपवून येतोय. तिथले गुण धरतील का?

आठवीपर्यंतचे गुण ट्रान्सक्रिप्टवर येत नाहीत. आपल्याकडचं गणित बीजगणित-भूमिती एकत्र शिकवतं, त्यामुळे इथली शाळा 'अल्जेब्रा १ झाला' असं मानायला कचरते आणि प्लेसमेंट टेस्ट घेते. ती टेस्ट गंभीरपणे घ्या, तिच्यावर पुढची चार वर्षं ठरतात. मूल भारतात नववी करून येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. नववी हे इथे हायस्कूलचं पहिलं वर्ष आहे, तेव्हा नववीचं प्रगतिपुस्तक शाळेच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत आणा.

मुलगा पोहतो, कॉलेजमध्ये खेळायचं म्हणतो. काही फरक?

एनसीएए ही कॉलेजमधल्या खेळांची संघटना. तिच्या डिव्हिजन वनसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या गटासाठी, हायस्कूलचे १६ कोअर (मुख्य) विषय लागतात. आठवीत किंवा त्याआधी घेतलेला हायस्कूलचा विषय त्यात धरला जाऊ शकतो, पण तो हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिटसकट असेल तरच. खेळाडू मुलांच्या पालकांनी ग्रेड काढून टाकण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

काउन्सेलरशी कसं बोलावं? आम्हाला संकोच वाटतो.

संकोच कशाला? त्यांचं ते कामच आहे. फोन न करता ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी राहील. वरचे चार प्रश्न, वेटेडचा पाचवा, आणि सहावा मुदतीचा: काढायचं किंवा बदलायचं असेल तर शेवटची तारीख कोणती? डिस्ट्रिक्टच्या धोरणाचं पान पाठवा अशी विनंतीही करा.

आणि नववीत गेल्यावर ट्रान्सक्रिप्ट मागवून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. फर्पा या १९७४ च्या कायद्याने मुलाची शाळेतली नोंद बघायचा हक्क पालकांना आहे, आणि मागितल्यावर शाळेला ४५ दिवसांच्या आत ती दाखवावी लागते. या कायद्याखाली शिक्षकाने दिलेल्या ग्रेडशी वाद घालता येत नाही, पण चुकीची नोंद दुरुस्त करून घेता येते. मूल १८ वर्षांचं झालं की हा हक्क त्याचा होतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा आठवीतला स्पॅनिश १ असाच गळला होता. त्याच्या आईने नववीच्या सप्टेंबरमध्ये कागद वाचला आणि ईमेल केला. पंधरवड्यात ओळ जागेवर आली.